आईच्या दोन तारखा

मस्कतहून भावाचा फोन आला तेव्हा आमच्या शाळेत सहामाही परीक्षा सुरू होती. वहिनीला चौथा महिना लागला होता. "बाळंतपणाला आई इथं पाहिजे," एवढंच तो म्हणाला. आई ६४ वर्षांची. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीत एकटी राहते. पासपोर्ट कधी काढलेला नाही आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. म्हणजे पाच महिन्यांच्या आत मला तिच्यासाठी दोन तारखा मिळवायच्या होत्या, एक ऑपरेशनची आणि एक पासपोर्टची. डोळ्याच्या दवाखान्यात फोनवरच नंबर लावावा लागे. पासपोर्टची वेळ ऑनलाइनच मिळते. दोन्ही कामं मी एकाच वेळी केली, म्हणून हे लिहायला बसले आहे. आमच्या खानापूर तालुक्यात कितीतरी घरांत हेच चाललेलं असतं.

दवाखाना मिरजेचा. बेळगावात चांगले डॉक्टर नाहीत म्हणून नव्हे, आईचा हट्ट म्हणून. बाबांचं औषधपाणी तिथंच झालं होतं. आमच्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या मिरजेला जात आली आहेत. तिथलं मिशन हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. आम्ही निवडलेला दवाखाना मात्र लहान, डोळ्यांपुरताच. नंबर लावायची वेळ सकाळी नऊ ते अकरा. माझी शाळा दहाला भरते आणि वर्गात मी फोन घेत नाही, म्हणजे माझ्या हातात एकच तास. पहिले तीन दिवस लाइन बिझी. बसस्टॉपवर उभी राहून मी चाळीस-चाळीस वेळा तोच नंबर लावला. चौथ्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी लागला.

पलीकडून बाई बोलल्या. "कुठून बोलताय?" मी खानापूर म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "मग पहिला नंबर देत नाही, पहाटे उठून यायला नको. अकराचा देते. पेशंटला उपाशी आणू नका हं, नुसती तपासणी आहे." मग साखर आहे का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हे विचारलं. शेवटचं मला माहीत नव्हतं. "गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणा, आम्ही बघतो." अडीच मिनिटांचं बोलणं. तीन दिवसांचा वैताग त्यात विरघळला. आपण कुठून येतो, म्हातारं माणूस सोबत आहे, हे न सांगता समजून घेणारं कोणीतरी पलीकडे होतं. असं विचारणारी चौकट मला अजून एकाही वेबसाइटवर भेटलेली नाही.

पण त्या बोलण्याचा कागद माझ्याकडे नव्हता. तपासणीच्या दिवशी आई पहाटेच्या बसने, कर्नाटकात बायकांना बसप्रवास फुकट देणाऱ्या शक्ती योजनेच्या शून्य तिकिटावर, बेळगावला आली. तिथून आम्ही रेल्वेने मिरज गाठलं. दवाखान्यात दुसराच माणूस बसला होता. वही उलटसुलट बघून म्हणाला, "नाव नाही तुमचं." आई माझ्याकडे बघत राहिली. मी मोबाइलमधला कॉल दाखवला, तारीख आणि वेळ दाखवली, पण कॉल केला होता एवढंच त्यातून कळतं, काय ठरलं होतं ते नाही. अर्धा तास उभं राहिल्यावर कोडं सुटलं. वहीत अकरा वाजता माझं नाव होतं. बाईंनी बोलणाऱ्याचं नाव लिहिलं होतं, पेशंटचं नाही, आणि मीही स्पष्ट सांगितलं नव्हतं. तेव्हापासून फोन ठेवण्याआधी मी म्हणते, "पेशंटचं नाव काय लिहिलंत, जरा वाचून दाखवता का?" आणि कोणाशी बोललो ते विचारून वहीत टिपून ठेवते. फोनवर नंबर देणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने निदान एक मेसेज पाठवावा, असं मला फार वाटतं. नाव, वार, वेळ, एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

आता पासपोर्ट. साइट एकच खरी, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. मोबाइलवर शोधलं की तिच्यासारख्या दिसणाऱ्या, जादा पैसे मागणाऱ्या साइटी येतात. परराष्ट्र मंत्रालयानेही त्यांच्याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. मला पहिली अडचण आली ती साइटच्या अलीकडे, आईच्या नावात.

आईच्या नावात 'क्ष' आहे. आमच्याकडे हे एक अक्षर घरंच्या घरं दमवतं. शाळेचा दाखला मराठी. मतदार ओळखपत्र आणि आधार कन्नड आणि इंग्रजीत. कन्नडवरून इंग्रजीत उतरताना 'क्ष'चं के-एस-एच होतं. पॅन कार्ड भावाने मराठी वळणाने काढलेलं, त्यात एक्स. आणि भावाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं, तेही एक्सने. व्हिसाला भावाच्या पासपोर्टमधलं आणि आईच्या पासपोर्टमधलं नाव जुळायला हवं. म्हणजे आधार बदलायचं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं. मी १९४७ या आधारच्या नंबरावर फोन केला. तिथे बारा भाषांत बोलता येतं, मराठीतही. एरवी आमच्याकडे कुठलाही सरकारी फोन लावला की आधी 'कन्नडक्कागी', म्हणजे 'कन्नडसाठी', ऐकू येतं. मला कन्नड येतं, शाळेत शिकले आहे, माझं काही अडत नाही. पण आईला बाजारापुरतं येतं. 'एष्टु' विचारून भाजी घेता येते, स्पेलिंग कसं दुरुस्त करायचं ते समजून घेता येत नाही. त्या दिवशी मी स्पीकर सुरू केला. कुठला कागद न्यायचा, अंगठा द्यायला स्वतः जावं लागेल, हे सगळं आईने स्वतः ऐकलं आणि दोन प्रश्न तिनेच विचारले. दुरुस्ती होऊन यायला तीन आठवडे गेले.

मग अर्ज. इंग्रजीत भरायचा, पण वाटतो तितका अवघड नाही. लग्नाचा दाखला २०१६ पासून लागत नाही. ईसीआर नावाचा एक प्रश्न असतो, तिथे बरेच जण गोंधळतात. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीला जाण्यासंबंधीचा तो शिक्का येतो, पण वय पन्नासच्या वर असेल तर लागत नाही. आईची शाळा चौथीत सुटली, तरी वयामुळे ती त्यातून सुटली. साठीच्या वरच्यांना फीमध्ये दहा टक्के सूट आहे, त्यामुळे १५०० ऐवजी १३५० रुपये.

कागद डिजिलॉकरमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या कपाटातून, जोडायचे ठरवलं आणि तिथे अडले. ओटीपी आईच्या मोबाइलवर जाणार. मोबाइल वाडीत. आणि वाडीत रेंज येते ती देवळामागच्या टेकाडावर. तिथेच एक जांभळाचं झाड आहे, त्याच्या खाली उभं राहिलं तरच. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. रविवारी ठरवून आई टेकाडावर गेली, सोबत शेजारचा आठवीतला पोरगा. मी इकडून बटण दाबलं. मेसेज पोचला. पोरगा आकडे वाचायला लागला तसा आईने फोन त्याच्या हातातून घेतला.

"नको सांगू! टीव्हीवर रोज सांगूलेत, ओटीपी कुणाला द्यायचा न्हाई म्हणून."

"अगं आई, मीच आहे."

"तू आहेस खरं, फोनवर कसं कळायचं?"

तिचं बरोबर होतं. तिला पटेपर्यंत वेळ संपला. दुसऱ्यांदा मागवला, तोवर ढग आले आणि रेंज गेली. तिसऱ्यांदा जमलं. त्या संध्याकाळी मी ठरवलं की हे असं करायचं नाही. पुढच्या शनिवारी आईला आणि तिच्या मोबाइलला खानापूरला घरी आणलं आणि उरलेलं सगळं शेजारी बसून केलं. दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन काम करणाऱ्यांना माझं सांगणं हेच आहे: ते माणूस आणि त्याचा मोबाइल दोन्ही जवळ असल्याशिवाय बसू नका.

फी भरताना आमच्या घरची नेटची लाइन गेली. खात्यातून पैसे गेले, पावती नाही. पोटात गोळा आला. पण घाईने दुसऱ्यांदा भरले नाहीत, आणि ते बरं केलं. साइटवरच भरलेल्या पैशांची स्थिती बघायची सोय आहे. दुसऱ्या दिवशी तिथे पैसे जमा झालेले दिसले. एकदा भरलेली फी वर्षभर चालते, त्या काळात वेळ घेता येते. बेळगावच्या पोस्टातलं केंद्र निवडलं आणि दिसली ती तारीख घेतली, मंगळवारची. मोबाइलवर मेसेज आला, अर्जाचा नंबर आला. कागद हातात आल्यासारखं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात मिरजेहून फोन आला. मी वर्गात होते. मिस्ड कॉल. त्यांनी आईलाही लावला होता, ती अर्थात टेकाडाखाली होती. मधल्या सुट्टीत मी उलट फोन केला तर ऑपरेशनची तारीख नेमकी तोच मंगळवार. "ऑपरेशन मंगळवारीच असतात ताई. हा सोडला तर पुढचा महिना."

अशा वेळी ऑनलाइनचं मोल कळतं. रात्री अकरा वाजता, भांडी आवरून झाल्यावर, मी लॉगिन केलं आणि पासपोर्टची तारीख दोन आठवडे पुढे ढकलली. चार मिनिटं लागली. कोणाला कारण सांगावं लागलं नाही, कोणाची विनवणी करावी लागली नाही. वर्षभरात तीनदा अशी तारीख बदलता येते. माझ्यासारख्या दिवसभर वर्गात उभ्या असणाऱ्या बाईला रात्री अकराला उघडं असलेलं हे एकच दार. दिवसभर फोन हातात धरायला ज्यांना मोकळीक नसते, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

ऑपरेशन नीट झालं. दोन आठवड्यांनी आई काळा चष्मा लावून बेळगावच्या केंद्रात गेली. मूळ कागद सगळे नेले होते. बोटांचे ठसे पुसट उमटत होते, शेतात राबलेल्या हातांचे तसेच उमटतात. तिथल्या मुलाने ओल्या कापडाने पुसून, पुन्हा पुन्हा ठेवून घेतले. फोटोला चष्मा काढायला सांगितल्यावर आई घाबरली, पण डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच परवानगी दिली होती. पाऊण तासात बाहेर.

पुढची पायरी पोलिसांच्या चौकशीची, आणि ती पुन्हा फोनवर आली. अर्जात मी माझा नंबर दिला होता, आईचा नाही. त्या टेकाडाच्या अनुभवातून हे सुचलं होतं. अनोळखी नंबर, कन्नडमधून बोलणं, मी समजून घेतलं आणि आईला निरोप धाडला. आईचा नंबर दिला असता तर तो कॉल वाऱ्यावर गेला असता. पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. तो ज्याचा त्याच्याच हातात देतात. आमचे पोस्टमन वाडीपर्यंत चालत गेले.

बेंगळुरूहून विमान होतं. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. त्या दिवशी आठला बसून रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं, आईला खालचा बर्थ मिळाला. त्यात सांगण्यासारखं एवढंच.

एक गोष्ट मात्र राहिली. जायच्या तीन आठवडे आधी डोळ्याची शेवटची तपासणी होती, आणि त्याच दिवशी आमच्या गावची यात्रा. मी रात्री आईला सांगणार होते, उद्या सकाळी नऊला मी फोन लावते म्हणून. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तिचाच फोन.

"मी सकाळी टेकाडावर गेलो हुतो. मिरजेला फोन केलो. त्या बाईच हुत्या. यात्रा हाय म्हटल्यावर म्हणाल्या, मग शुक्रवारी या आजी."

"नाव कुणाचं लिहिलंय?"

"माझंच. वाचून दाखव म्हटलं त्यास्नी. दोनदा वाचून घेतलं."