पत्रं वाचायची की माणसं बघायची?

सिनेमाचा खेळ संपल्यावर आयोजक तरातरा माझ्याकडे आले. “मधेमधे मराठी सबटायटलच्या ओळी गायब होत्या. फाइल बिघडली होती का?”

बिघडली नव्हती. सबटायटल माझीच, त्या ओळी मीच काढल्या होत्या, आणि त्यावरून आमचं अजून वाजतंय.

सिनेमा पोर्तुगीज, इव्हो फेरैरा यांचा ‘कार्तास दा गेर्रा’ म्हणजे ‘युद्धातली पत्रं’, २०१६ चा. १९७१ मध्ये अंगोलातल्या, म्हणजे आफ्रिकेतल्या तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीतल्या, युद्धावर पाठवलेला तरुण लष्करी डॉक्टर पोर्तुगालमधल्या गरोदर बायकोला पत्रं लिहितो. पत्रं खरी आहेत. हा डॉक्टर म्हणजे पुढे मोठे कादंबरीकार झालेले आंतोनियु लोबु आंतुनिश. पडद्यावर पूर्व अंगोलातली छावणी दिसते आणि कानावर बायकोच्या आवाजात जवळजवळ अखंड पत्रवाचन पडतं.

कृष्णधवल सिनेमा म्हणजे सबटायटलवाल्याची पंचाईत. पांढरी अक्षरं पांढऱ्या आभाळात विरतात, म्हणून काळी कड द्यायची. ती जरा जाड झाली की जोडाक्षरं बुजतात. शिवाय दोन ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी देवनागरी कधी निरखून पाहिलेली नसावी. मग ओळींमधलं अंतर हातानं वाढवायचं. ते वाढवलं की चित्राचा आणखी एक पट्टा झाकला जातो.

झाकलं काय जातंय, ते तेव्हा दिसायला लागलं. अनेक चौकटींत अंगोलाची माणसं नुसती असतात, आणि बोलणं बहुतेक पोर्तुगीजांचं. पोर्तुगीज प्रेक्षक पत्र ऐकतो, त्याचे डोळे मोकळे असतात. माझ्या प्रेक्षकाचे डोळे खालच्या दोन ओळींत अडकलेले. त्या वाचून मान वर करेपर्यंत शॉट बदललेला. असा माणूस विरहाचा सिनेमा पाहून घरी जाणार. लढाई कुणाच्या जमिनीवर चालली होती, हे त्याला दिसणारच नाही.

म्हणून जिथं ती माणसं दिसतात, तिथली पत्रातली लाडाची पुनरुक्ती मी गाळली.

“हे साहित्य आहे, आपल्या लहरीनं छाटायचं नसतं,” आयोजक म्हणाले. त्यांचं वाचन दांडगं, पण सिनेमाही ते वाचतातच.

चर्चेत गोवा आलाच. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचत नाही. गोवा १९६१ च्या डिसेंबरात दोन दिवसांत सुटला. अंगोलात युद्ध त्याआधीच पेटलं होतं आणि तीच राजवट सक्तीनं भरती केलेली पोरं पाठवत १९७४ पर्यंत लढत राहिली. हे सांगितलं तरी गाडी फिरून मांडवीवरच.

एका मुलीनं मात्र मला अडवलं. ती म्हणाली, “लाडाचे शब्द तेच राहतात आणि मधली वाक्यं कडवट होत जातात. युद्धाबद्दलची त्याची शंका त्यातूनच कळते. तुम्ही लाडच काढलात तर कडवटपणा कशाशेजारी ठेवायचा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाडाचे शब्द मी परत घातलेत, छोटे करून, एका ओळीत. तरी काही शॉट्स आहेत, तिथं हात होत नाही. पुढच्या खेळासाठी आयोजकांना पूर्ण फाइल हवी आहे. तेवढे शॉट्स मोकळे सोडूनच देईन, असं मी कळवलंय. अजून त्यांचा होकार आलेला नाही.