पायपिंगसाठी फूट निवडताना

खणाच्या ब्लाउजच्या गळ्याला विरुद्ध रंगाची दोरीची पायपिंग (दोरीवर कापडाची पट्टी गुंडाळून केलेली उठावदार किनार) लावली, तर तिची शोभा शिलाई दोरीला किती बिलगून गेली आहे यावर ठरते. शिलाई जराशी लांब राहिली तरी पायपिंग सैल पडते आणि दोरी पट्टीत बसवताना घातलेल्या पहिल्या शिलाईचा धागा सुलट बाजूने डोकावतो. नेहमीच्या दोन बोटांच्या फूटने (मशीनवर सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाने) हे टाळणे कठीण असते, कारण त्याचे एक बोट दोरीच्या उंचवट्यावर चढते, फूट कलतो आणि कापड सुईखालून बाजूला सरकते.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे चेन लावण्यासाठी वापरतात तो हाफ फूट. त्याला एकच बोट असल्याने दोरीची बाजू मोकळी राहते आणि सुई अगदी तिच्या कडेला उतरते. घरी अधूनमधून ब्लाउज शिवणाऱ्यांनी आधी हाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. फूट बसवल्यावर मात्र मशीनचे चाक एकदा हाताने फिरवून पाहावे. सुई धातूवर आपटली तर ती मोडू शकते.

पायपिंगचे काम वारंवार असेल, तर तळाला खाच असलेला पायपिंग फूट घेणे योग्य ठरते. दोरी त्या खाचेतून सरळ धावत असल्याने गळ्याच्या गोलाईवरही हात स्थिर राहतो. येथे मापाला फार महत्त्व आहे. कारखान्यातील मोठ्या मशीनसाठी हे फूट १/८, ३/१६, १/४ इंच अशा मापांत मिळतात. खाच दोरीहून रुंद असेल तर दोरी आत हलते आणि अरुंद असेल तर फूट पुन्हा उचलला जातो. म्हणून आधी दोरी ठरवावी आणि उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीत गुंडाळलेला तिचा तुकडा दुकानात सोबत न्यावा. पट्टीवर पहिली शिलाई दोरीपासून थोडी लांब ठेवावी आणि ब्लाउजला जोडताना ती दोरीच्या अधिक जवळ घ्यावी, म्हणजे पहिली शिलाई आत झाकली जाते.

फूट आपल्या मशीनला बसेल का, हेही पाहावे लागते. फूट खाली असताना त्याच्या स्क्रूची उंची बहुतेक घरगुती मशीनमध्ये सुमारे अर्धा इंच, तर कारखान्यातील मशीनमध्ये सुमारे एक इंच असते, त्यामुळे एकाचा फूट दुसऱ्याला चालत नाही.

सपाट जरीच्या लेसला नेहमीचा फूट पुरतो. मोत्यांच्या माळेसाठी खोल खाचेचा वेगळा फूट मिळतो, परंतु त्यासाठी माळेच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून पडणारा झिगझॅग टाका लागतो. केवळ सरळ शिलाईच्या काळ्या मशीनवर तो फूट निरुपयोगी आहे, आणि तेथे मोती हातानेच शिवणे चांगले.