इन्सुलिनची माळ: ओवले ११० मणी, ठेवायचे ५१

मंडळी, इन्सुलिन या प्रथिनातल्या प्रत्येक अमिनो आम्लाला (प्रथिनाच्या साखळीतल्या कडीला) एक मणी, अशी माळ मी ओवतेय, आणि ती यूएजीपर्यंत, म्हणजे थांबण्याच्या खुणेपर्यंत, पोहोचली. मानवी इन्सुलिनचे सगळे ११० मणी दोऱ्यात आले आणि आता कापाकापीला हात घातलाय; ती झाली की तयार इन्सुलिनच्या ए आणि बी या दोन साखळ्यांचे ५१ मणी उरतील.

नव्यांसाठी थोडक्यात पद्धत सांगते. एनसीबीआय या जनुकांच्या ऑनलाइन संग्रहातला एनएम ०००२०७ हा एमआरएनए (जनुकावरून उतरवलेला, प्रथिन बनवण्याचा मजकूर) घ्यायचा, कोडॉनचा (तीन अक्षरी शब्दांचा) तक्ता समोर ठेवायचा, तीन-तीन अक्षरं वाचायची आणि प्रत्येक अमिनो आम्लाला ठरवलेल्या रंगाचा मणी ओवायचा. (तिथे यूच्या जागी टी छापलेला असतो, त्याने गोंधळू नका.) संगणक हे काम क्षणात करतो, पण मग त्यात मजा काय? एकूण मजकूर ४६५ अक्षरांचा, आणि प्रथिनाचा भाग ६०व्या अक्षरापासून, एयूजीने, सुरू होतो. हौस म्हणून थेट जनुक मात्र उघडू नका. ते ११व्या गुणसूत्राच्या उलट्या धाग्यावर आहे, सुमारे १,४३० अक्षरांचं, आणि त्यात दोन इन्ट्रॉन (प्रथिनात न उतरणारे मधले तुकडे) आहेत. दुसरा तर सी-पेप्टाइडच्या (दोन साखळ्यांमधल्या, शेवटी काढायच्या तुकड्याच्या) ऐन मजकुरात घुसलाय. पेशी हे इन्ट्रॉन केंद्रकातच छाटते. आपण एमआरएनए घेतला की ती उस्तवार वाचते.

ल्युसिनचे मणी जास्तीचे आणा. ११०पैकी २० ल्युसिन आहेत आणि त्यातले आठ पहिल्या २४ मण्यांतच. कोडॉन वहीत टिपत गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल: ल्युसिनला सहा कोडॉन असले तरी इथे १४ वेळा सीयूजीच येतो. सीयूसी चारदा, सीयूए आणि यूयूजी एकेकदा, उरलेले दोन एकदाही नाहीत. माळेवर हे कुठेच दिसत नाही. सगळे मणी निळेच. तयार प्रथिनावरून मागे जाऊन एमआरएनए जसाच्या तसा लिहिता येत नाही तो याचमुळे. कोणाला कोडॉनही दाखवायचे असतील तर शेजारी बारीक मण्यांचा दुसरा सर ओवावा. माझ्या डोळ्यांना ते झेपणार नाही.

२५व्या मण्यावर मुद्दाम थांबले. कोडॉन यूयूयू, आम्ल फेनिलअलॅनिन. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी जिवाणूंच्या अर्कात नुसत्या यूंचा आरएनए घातला आणि नुसत्या फेनिलअलॅनिनची साखळी मिळवली. जनुकीय लिपीतला सर्वांत आधी उलगडलेला शब्द तो हाच. पुढे हरगोविंद खोरानांनी ठरावीक अक्षरं आलटून-पालटून येणारे आरएनए बनवून तक्त्यातल्या बऱ्याच जागा भरल्या. १९६८चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि हॉली यांना मिळालं.

रायबोसोमसाठी (पेशीतलं प्रथिनं जोडणारं यंत्र) यंदा उसाच्या रसाबरोबर मिळते तशी एक जाड नळी वापरली. रायबोसोममधून बाहेर पडायच्या बोगद्यात साधारण ३० ते ४० अमिनो आम्लं मावतात, त्या मापाने नळी कापली. हे जरूर करून बघा. पहिले २४ मणी नळीबाहेर पूर्ण दिसेपर्यंत आत बी साखळी संपत आलेली असते! हे २४ म्हणजे पत्ता सांगणारा तुकडा. त्यातली पाण्याला टाळणारी आम्लं (एवढे ल्युसिन तिथे आहेत ते त्यासाठीच) ओळखून पेशी अख्खा रायबोसोम अंतर्द्रव्यजालिकेच्या (बाहेर पाठवायची प्रथिनं जिथे घडतात त्या पडद्यांच्या जाळ्याच्या) दारात नेऊन लावते. साखळी आत शिरली की तुकडा छाटला जातो. आपल्या पेशींत सेकंदाला पाच-सहा आम्लं जोडली जातात असं धरलं, तर ११० मण्यांना वीसेक सेकंद. मला किती लागले ते विचारू नका.

शेवटच्या यूएजीला मणी नाही. त्याच्यासाठी टीआरएनएच (अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) नसतो, तिथे साखळी सोडवणारं वेगळं प्रथिन येऊन बसतं. मी नुसती गाठ मारली.

आता कात्री. इथे क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेक मॉडेलांत तो चुकलेला दिसतो: आधी पूल (सिस्टिनच्या जोड्यांमधले बंध), मग कात्री. सिस्टिनचे सहाच मणी आहेत, चार ए साखळीत, दोन बी साखळीत. ए७ला (ए साखळीतल्या सातव्या मण्याला) बी७, ए२०ला बी१९ आणि ए साखळीतल्या ए६ला ए११ अशा तांब्याच्या तारेने तीन गाठी घाला. मधला ३१ मण्यांचा सी-पेप्टाइड तोवर हवाच, त्याच्यामुळे दोन्ही टोकं समोरासमोर येतात. मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या, आर्जिनिन-आर्जिनिन आणि लायसिन-आर्जिनिन, धरून तो काढा. पेशीतही हे काम नंतर, स्रावाच्या पुटिकांमध्ये (इन्सुलिन साठवणाऱ्या पिशव्यांत) होतं. काढलेला तुकडा इन्सुलिनबरोबरच रक्तात येतो. म्हणून तर शरीर स्वतः इन्सुलिन किती बनवतंय हे सी-पेप्टाइडच्या तपासणीतून कळतं.

१९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवणाऱ्यांनी दुसरी वाट धरली होती. ए आणि बी साखळ्या वेगवेगळ्या बनवल्या, प्रत्येकीच्या पुढे मेथिओनिन ठेवलं आणि सायनोजेन ब्रोमाइडने नेमकं तिथे कापलं. ते रसायन मेथिओनिनपाशीच कापतं. तुमच्या माळेत मेथिओनिनचे मणी शोधा: पहिला आणि पाचवा, दोन्ही छाटलेल्या तुकड्यात. ठेवलेल्या ५१ मध्ये एकही नाही, म्हणून साखळ्यांना धक्का लागला नाही.

९६वा मणी, म्हणजे ए७, बदलता येईल असा सैल ठेवलाय. इथल्या यूजीयूचं एक अक्षर बदलून यूएयू झालं की सिस्टिनऐवजी टायरोसिन येतं आणि बी७ला जोडीदार राहत नाही. अकिता नावाच्या उंदरांत याच जागी हाच बदल आहे. चुकीची घडी पडलेलं प्रोइन्सुलिन (सी-पेप्टाइड न काढलेली साखळी) जालिकेत साचतं, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी बेजार होतात आणि मधुमेह होतो, जनुकाची दुसरी प्रत चांगली असूनही. माणसांतही या बदलामुळे तान्ह्या बाळांना मधुमेह झाल्याची उदाहरणं आहेत. तारेची ती गाठ सोडून बघितली. दोन्ही साखळ्या लगेच लोंबायला लागतात.

पुढचं काम षटकाचं: सहा इन्सुलिन, ३०६ मणी आणि जस्ताचे दोन. प्रत्येक जस्ताला तीन बी१० हिस्टिडिन धरतात, त्यामुळे तो मणी तीन भोकांचा लागेल. कोणाला माहीत असेल तर कुठे मिळतो ते सांगा.