साखळी वर अडकवली होती

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वय अवघं ३८. मागे बायको, दोन लेकरं. दिवसभर तो उलटलेला ट्रॅक्टरच डोळ्यांसमोर आहे.

चिखलात रुतलेली ट्रॉली ओढायला साखळी खालच्या ड्रॉबारऐवजी, म्हणजे ओढायच्या दांड्याऐवजी, वर टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकवली होती. ओढ मागच्या अॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, वर गेली की पुढची चाकं उचलतात आणि दीडेक सेकंदात ट्रॅक्टर मागे उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी ड्रॉबारलाच लावा, क्लच हळू सोडा. रोलबार, म्हणजे उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, बसवा आणि तो असेल तेव्हा बेल्ट लावाच. रोलबार नसेल तर बेल्ट माणसाला खाली अडकवतो. त्याच्याकडे रोलबार नव्हता.

किती निगुतीनं नांगरायचा! नांगराची एक रेघ वाकडी नसायची. धाकटी अजून ट्रॅक्टरचा आवाज आला की दाराशी धावते.