स्विसला जायचं म्हणून आई-बाबांचं लग्न

मे मध्ये आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जायचं ठरलं, टूर कंपनी नाही, आपलं आपण. मला वाटलं होतं सगळ्यात अवघड काम म्हणजे ऑफिसात रजा मागणं. कसलं काय, सगळं घोडं अडलं ते आईच्या नावावर.

आई शाळेत शिक्षिका, नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे पेन्शन आणि बँक माहेरच्या नावाने. आणि आमच्याकडे लग्नात नुसतं आडनाव नाही, नावच बदलतात, म्हणजे आजोबांनी ठेवलेलं नाव बँकेत आणि बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव पासपोर्टवर. तिकडे लागतो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, आणि त्याला बँक स्टेटमेंट लागतं, आता स्टेटमेंट एका बाईचं आणि पासपोर्ट दुसरीचा, काय करणार! मॅरेज सर्टिफिकेट जोडू म्हटलं तर आई शांतपणे म्हणाली, "अगं ८३ सालचं लग्न आमचं, तेव्हा नोंदणी कोण करत होतं?"

मग काय, नोंदणी आत्ता केली. तीन साक्षीदार लागतात, तर मामा, काका आणि आत्या. भटजींची सही पण लागते, ते जाऊन वीस वर्षं झाली, मग त्याचं प्रतिज्ञापत्र. लग्नपत्रिका सापडेना, दोन दिवस माळा उपसला आणि शेवटी मावशीच्या ट्रंकेत निघाली, कोपऱ्यात हळद-कुंकवाचे डाग तसेच. क्षेत्रीय कार्यालयात आतून हाक आली, "वर-वधू कोण आहेत, पुढे या." बाबा सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, चक्क लाजले हो! मामाने बाहेर पेढे वाटले.

बाकीचं त्या मानाने किरकोळ. प्रवासाचा इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा हवा, व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा, व्हिसा नाही मिळाला तरी ती परत नाही. एक सांगते, खात्यात पैसे दिसावेत म्हणून आदल्या आठवड्यात एफडी मोडू नका. बाबा निघालेच होते बँकेत. अचानक मोठी रक्कम आली की उलट प्रश्न पडतात, एफडीची पावती आहे तशी जोडायची.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने प्रेमाने बाबांचे केस कॉम्प्युटरवर काळे करून दिले, वरून गालाचा तीळ पण पुसला. बाबांना तो फोटो इतका आवडला की परत काढायला यायलाच तयार नाहीत. शेवटी तो काळ्या केसांचा फ्रेम करून हॉलमध्ये लावला आणि पांढऱ्या केसांचा व्हिसाला दिला.

आता खाण्याचं. तिकडे जेवण महाग, अपार्टमेंट घेतलंय म्हणजे स्वयंपाक करता येईल, म्हणून आईने भाजणी, मेतकूट, गोडा मसाला सगळं काढलं. इथपर्यंत ठीक. पण भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ तिथे न्यायला बंदी आहे. म्हटलं आई, पेढे नको, तूप नको, तुपातले लाडू पण नको.

"तूप म्हणजे काय दूध आहे का?"

यावर तुम्हीच सांगा काय बोलायचं. तासभर वाद झाला आणि शेंगदाण्याच्या गुळातल्या लाडवांवर तडजोड झाली.

बाबांचा वेगळाच उद्योग, ते रोज बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहतात आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करतात. काल २३ किलोच्या वर गेलं तर म्हणे मीच रात्री जास्त जेवलो असेन.

पासपोर्ट गेल्या सोमवारी दिलेत, साधारण पंधरा दिवस धरायचे. व्हिसा अजून आलेला नाही आणि इकडे बॅगेला कुलूप लागलंय, किल्ली आईच्या मंगळसूत्राला.