रँसच्या खडूच्या पोटात: पोमेरी शॅम्पेनघराची सफर

पॅरिसहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं ठिकाण कुणी विचारलं, की मी रँसचं नाव घेते. शॅम्पेन प्रांतातलं हे मोठं शहर. नामांकित शॅम्पेनघरं, म्हणजे शॅम्पेन बनवणाऱ्या कंपन्या, इथे जवळजवळ आहेत, त्यामुळे बरेच जण एका दिवसात दोन-तीन घरं उरकतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, एकच घर निवडा आणि निवांत बघा. आम्ही पोमेरी निवडलं.

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने पाऊण तासात रँस येतं. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. ‘रँस’ हे शहरातलं स्टेशन, ‘शांपेन-आर्देन टीजीव्ही’ हे शहराबाहेरचं. तिथे उतरलात तर ट्राम धरून आत यावं लागतं. पोमेरीची वेळ आधीच ऑनलाइन ठरवा आणि इंग्रजी माहितीची सोय कोणत्या वेळेला आहे तेही बघून घ्या.

सेंट निकेझ टेकडीवरच्या पोमेरीच्या इमारती एखाद्या इंग्लिश जहागीरदाराच्या वाड्यासारख्या दिसतात, आणि त्या मुद्दामच तशा बांधल्या आहेत. १८५८मध्ये पती लुई वारले तेव्हा मादाम पोमेरी चाळिशीला टेकल्या होत्या. लोकरीचा धंदा बंद करून त्यांनी सगळं बळ शॅम्पेनवर लावलं आणि गिऱ्हाईक म्हणून नजर ठेवली ती इंग्लंडवर. त्या काळी शॅम्पेन पाकासारखी गोड असे. इंग्रजांकडे गोड प्यायला पोर्ट ही पोर्तुगालची गोड वाइन होतीच. त्यांना जेवणाबरोबर चालेल अशी कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाइन हवी होती. साखर कमी करणं ऐकायला सोपं वाटतं, पण साखरेखाली आंबटपणा आणि कच्चेपणा झाकला जातो. ती काढायची तर द्राक्षं जास्त पिकू द्यावी लागतात आणि बाटली जास्त काळ थांबवावी लागते. म्हणजे पाऊस-गारांची जोखीम वाढते, शिवाय भांडवल अडकून पडतं. बाईंनी ते पत्करलं. १८७४च्या द्राक्षांची त्यांची ‘ब्रूत’ गाजली आणि आज जगात सर्वांत जास्त खपते ती हीच कोरडी शॅम्पेन. ब्रूतमध्ये आता लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते.

एवढा माल वर्षानुवर्षं ठेवायचा कुठे? त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. ११६ पायऱ्यांचा सरळसोट जिना उतरत गेलं की अंगावर गारवा येतो. गॅलो-रोमन काळात, म्हणजे इथे रोमन राज्य असताना, बांधकामाच्या दगडासाठी इथे खडूच्या खाणी खोदल्या गेल्या. तोंड अरुंद आणि तळ रुंद, पिरॅमिडसारख्या. मादाम पोमेरींनी अशा १२० खाणी १८ किलोमीटरच्या बोगद्यांनी जोडून घेतल्या. खाली उभं राहून मान वर केली की फार उंचावर उजेडाचा एक चौकोन दिसतो. भिंतीला हात लावला तर दगड ओलसर लागतो आणि बोटांना पांढरी भुकटी चिकटते. हाच खडू ओल धरून ठेवतो आणि तापमान वर्षभर १० अंशांच्या आसपास राखतो. इथे यंत्रांनी थंडावा आणावा लागत नाही. २०१५मध्ये युनेस्कोने शॅम्पेनचे मळे, घरं आणि तळघरं जागतिक वारसा म्हणून नोंदली, त्यात ही टेकडीही आली. भिंतींत गुस्ताव नावलेने कोरलेली भव्य उठावशिल्पं आहेत. त्यातल्या बॅकस या रोमन मद्यदेवतेच्या उत्सवासमोर जरा थांबाच. अधूनमधून आधुनिक कलाकृतीही मांडलेल्या असतात. काही मला भावल्या, काहींनी मात्र खाणीची शांतता मोडली.

वाइन कशी होते हे आमच्या मार्गदर्शक बाईंनी एका बाटलीवरच समजावलं. पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने ही मुख्य द्राक्षं, सगळी हाताने तोडलेली. ४००० किलो द्राक्षांतून जास्तीत जास्त २५५० लिटर रस घेण्याची मुभा आहे. पहिल्यांदा आंबवून झालं की वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करतात. घराची खरी ओळख या मिश्रणात असते. मग थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आतल्या आत पुन्हा आंबून वायू कोंडतो आणि दाब सुमारे सहा बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ सहापट, चढतो. साध्या शॅम्पेनलाही किमान १५ महिने थांबावं लागतं, एका सालाच्या खास शॅम्पेनला तीन वर्षं. बाईंनी आडव्या बाटलीमागे दिवा धरला तेव्हा तळाशी साचलेल्या यीस्टचा करडा पट्टा दिसला. बाटली जराशी फिरवताच तो धुरासारखा उठला. हा गाळ हळूहळू मानेकडे आणतात, मान गोठवून काढून टाकतात आणि मग शेवटचा गोडवा ठरवतात. १९८०च्या दशकात नारायणगावला इंडाज कंपनीने फेसाळ वाइन काढली तीही याच पद्धतीने, रँसच्याच पायपर-हाइडसिक घराच्या जाणकारांची मदत घेऊन.

वर आल्यावर फ्रेंच कलाकार एमिल गालेने कोरलेलं ७५,००० लिटरचं लाकडी पिंप बघायला विसरू नका. ते १९०४च्या सेंट लुईच्या प्रदर्शनासाठी घडवलं होतं. चाखायला मिळाली ती ‘ब्रूत रॉयाल’, लिंबाच्या अंगाची, हलकी. न पिणाऱ्यांनीही जरूर यावं, खाणी बघण्यातच पैसे वसूल होतात.

उन्हाळ्यातही स्वेटर आणि न घसरणारे बूट हवेतच. उतरलेल्या पायऱ्या चढायच्याही असतात. गुडघेदुखी असलेलं कुणी बरोबर असेल तर तिकिटाआधी सोय विचारा. द्राक्षतोडणी नाशिकसारखी जानेवारी-फेब्रुवारीत नसते, साधारण सप्टेंबरमध्ये होते. शाकाहाऱ्यांनी दुपारी क्रेपच्या (पातळ फ्रेंच धिरड्यांच्या) दुकानात चीजची गालेत, म्हणजे तिखटमिठाचं धिरडं, मागवावी. रँसच्या प्रसिद्ध गुलाबी बिस्किटांत अंडं असतं. उरलेल्या वेळात कॅथेड्रल आणि तिथल्या चित्रकार शागालच्या निळ्या रंगीत काचा बघून होतात.

बाटल्या घेतल्यात तर त्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, हातातल्या बॅगेत चालत नाहीत. भारतात मोठ्या माणसामागे दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. ब्रूत घरी नेऊन मुरवत ठेवायची गरज नाही. आपल्या उन्हाळ्याआधीच संपवावी. उघडताना बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा.