जामीनदार

रात्रीचे पावणेबारा. नोकरीच्या अर्जाचं कव्हर लेटर तीन परिच्छेदांचं, पानभरसुद्धा नाही, आणि मी संध्याकाळपासून पहिल्याच वाक्यावर अडकलेय. 'आपल्या क्रेडिट विभागातल्या अमुक यांच्याशी बोलणं झालं, त्यावरून अर्ज करत आहे.' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. अमुकच्या जागी काकांचं नाव घातलं की कानशिलं तापतात.

आई म्हणाली, "ओळख आहे तर सांगायला काय जातंय?" बाबा पेपरमागून काहीच बोलले नाहीत. तेच लागलं. आमच्या घरात वशिला हा शब्द... जाऊ दे.

आजवर 17 अर्ज केले, कुणाचंही नाव न घेता. उत्तरं दोन, दोन्ही नकाराची. नाशिकच्या कॉलेज रोडवर सोबत चहा पिणाऱ्या सगळ्या पंचवटी एक्स्प्रेस पकडून कधीच मुंबईला गेल्या. मी अजून इथेच, कॅनडा कॉर्नरला दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवतेय.

पण त्या वाक्यात खोटं काय आहे? मखमलाबादच्या लग्नात पंगत बसेपर्यंत काका मला डीएससीआर, म्हणजे धंद्याची कमाई कर्जाच्या हप्त्याच्या किती पट आहे ते, समजावत होते. तारण कितीही भारी असू दे, आधी धंद्याच्या पैशात हप्ता बसतो का बघ. रुपयाच्या हप्त्याला सव्वा रुपया तरी यायला हवा. त्यानंतर पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याची फाइल हातात आली. वर्षाचा हिशेब केला तर 1.25 च्या वर, एकदम झकास. पण पैसा येणार फेब्रुवारी ते एप्रिल आणि हप्ता दर महिन्याला! हे मला दिसलं ते त्या वीस मिनिटांमुळे. मग पत्रात नाव एकटं कशाला, द्राक्षवालाही येऊ दे.

बरं, ज्या ओळखीला मी एवढी लाजतेय तिच्यासाठी त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये चक्क रकाना आहे: 'रेफर्ड बाय', शेजारी एम्प्लॉयी आयडी. आपल्या पतसंस्थांच्या फॉर्मवर जामीनदाराची जागा असते तसाच. ऑडिटला जाते तेव्हा जामीनदाराची सही नसलेली फाइल मीच बाजूला काढते. आणि इथे? काकांना विचारलंच नव्हतं.

आत्ता मेसेज टाकला. काका जागेच होते.

"लिही की बिनधास्त. फक्त मी आता क्रेडिटला नाही, जूनपासून रिकव्हरीला आहे."

वाक्य परत उघडलंय.